पारा उतरला की बँड उघडतो

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या काही हौशी रेडिओवाल्यांनी एक वात्रट शर्यत सुरू केली. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी पाच वॅटच्या आतला सेट आणि बॅटरी घेऊन शक्यतो उघड्यावर बसायचं, तार एखाद्या झाडावर टाकायची आणि दूरदूरच्या गड्यांशी संपर्क साधायचा. प्रत्येक संपर्कात नाव आणि गाव यांच्याबरोबर आपण बसलो आहोत तिथलं तापमानही कळवायचं. शेवटी गुणांची बेरीज झाली की तिला या तापमानाचा गुणक लागतो. ६५ अंश फॅरनहाइटच्या वर असाल तर गुणक एक. पुढे पारा उतरेल तसा दोन, तीन, चार. आणि २० अंशांच्याही खाली कुडकुडत असाल तर सहा. घरात हीटरला टेकून बसणाऱ्याचे गुण आहेत तेवढेच राहतात, बर्फात बसणाऱ्याचे सहापट होतात.

या हिशेबात नाशिक जिल्हा काही अगदीच मागे पडणार नाही. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंश सेल्सिअसच्या खाली गेल्याची बातमी डिसेंबर-जानेवारीत बहुतेक वर्षी छापून येते. पाच सेल्सिअस म्हणजे ४१ फॅरनहाइट, गुणक तीन. एखाद्या वर्षी तो दोन अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा गुणक चार. त्या पहाटे निफाडचा शेतकरी द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवून धूर करत असतो. गुणक वाढल्याचा आनंद त्याला सांगायला जाऊ नये, हे बरं.

पण थंडी आणि रेडिओ यांचं नातं ॲरिझोनाच्या थट्टेपुरतं नाही. हौशी रेडिओचं, म्हणजे ज्याला जग ‘हॅम रेडिओ’ म्हणतं त्या छंदाचं, शर्यतींचं वर्ष खऱ्या अर्थानं दिवाळीच्या सुमारास सुरू होतं. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही १९४८ पासूनची जगातली सर्वांत मोठी शर्यत. तिचा बोलण्याचा भाग ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आणि मोर्सचा भाग नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी असतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेरीस १६० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्याची शर्यत, दुसऱ्या आठवड्याअखेरीस १० मीटरची, जानेवारीच्या शेवटी पुन्हा १६० मीटर आणि त्याच सुमाराला उघड्यावर तंबू ठोकून भरणारा ‘विंटर फील्ड डे’. उन्हाळ्यातही शर्यती असतात, जूनमधला अमेरिकन ‘फील्ड डे’ तर १९३३ पासून चालू आहे. तरी दूरदेशीचे संपर्क मोजणाऱ्यांचे खरे सण हिवाळ्यातच येतात.

ही कुणाची हौस नव्हे, हा आकाशाचा कारभार आहे.

रेडिओच्या लघुलहरी जमिनीपासून शंभर ते तीन-चारशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरांवरून परततात आणि म्हणून क्षितिजापलीकडे पोचतात. शिशिरकुमार मित्रांनी कलकत्त्यात या थरांचा अभ्यास उभा केला. त्यांचा ‘द अप्पर ॲटमॉस्फिअर’ हा १९४७ चा ग्रंथ जगभर वापरला गेला. दिवसा ऊन असेपर्यंत त्यातला सर्वांत खालचा थर मोठ्या तरंगलांबीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वाट मोकळी होते. म्हणजे रात्र जितकी मोठी, तितका १६०, ८० आणि ४० मीटरवाल्यांचा खेळ मोठा. डिसेंबरात नाशिकची रात्र साधारण तेरा तासांची असते.

दुसरं कारण विजांचं. ढगातली एक वीज चमकली की शेकडो किलोमीटरवरच्या रेडिओतही कडकड ऐकू येते. नाशिकला एप्रिल-मेचा वळीव, मग चार महिन्यांचा पावसाळा आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस. एवढ्या काळात खालच्या, म्हणजे मोठ्या तरंगलांबीच्या, पट्ट्यांवर कान लावणं म्हणजे कढईतल्या फोडणीतून कुजबुज ऐकण्यासारखं. नोव्हेंबर उजाडला की उत्तर गोलार्धातले बहुतेक विजांचे ढग पांगलेले असतात आणि त्या कडकडाटामागे दडलेले क्षीण आवाज वर येतात. गंमत अशी की १० मीटरसारख्या वरच्या पट्ट्यालाही हिवाळाच मानवतो. उत्तरेकडच्या देशांत दिवसा सर्वांत वरचा थर उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात अधिक दाट असतो, आणि सूर्यावरचे डाग वाढलेले असले तर पाच वॅटमध्येही माणूस युरोपला पोचतो. हॅम मंडळी त्याला ‘बँड उघडला’ म्हणतात. ज्या दिवसांत माणसं दारं-खिडक्या लावून घेतात, नेमक्या त्याच दिवसांत बँड उघडतो.

लघुलहरी समुद्र ओलांडतात ही गोष्ट सिद्ध झाली तीही एका बोचऱ्या डिसेंबरात, आणि तंबूत. अमेरिकेत १९१२ च्या कायद्यानं हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकलून दिलं होतं. जाणकारांच्या मते त्या लहरी निकामी होत्या, म्हणून त्या देऊन टाकायला कुणाची हरकत नव्हती. या निकामी लहरी अटलांटिक ओलांडतात का, हे पाहण्यासाठी अमेरिकन रेडिओ रिले लीग या संघटनेनं १९२१ च्या अखेरीस पॉल गॉडली नावाच्या निष्णात हौशी चालकाला बोटीनं ब्रिटनला पाठवलं. गॉडलीनं जागा निवडली स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची, आर्ड्रॉसन गावाजवळची. समुद्रालगतच्या ओल्या रानात त्यानं तंबू ठोकला, खांबांवरून शेकडो फूट लांब तार अमेरिकेच्या दिशेनं ताणली आणि सोबतीला आलेल्या मार्कोनी कंपनीच्या माणसाबरोबर रात्र रात्र कान देऊन बसला. पाऊस, वारा, चिखल आणि गारठा यांनी त्याला पुरता पिडला. स्कॉटलंडची डिसेंबरातली रात्र सतरा तासांची, आणि ऐकण्याजोगं जे काही असेल ते मध्यरात्रीनंतर.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला पलीकडचे आवाज मिळाले. त्यातला सर्वांत खणखणीत कनेक्टिकटमधल्या ग्रिनिच गावच्या ‘१बीसीजी’ या केंद्राचा होता. हे केंद्र उभारणाऱ्या सहा जणांत एडविन आर्मस्ट्राँग होता, ज्यानं पुढे एफएम रेडिओ दिला. १२ डिसेंबरच्या पहाटे तिथून पाठवलेला एक अख्खा संदेश गॉडलीनं तंबूत उतरवून घेतला. चाचण्या संपेपर्यंत त्याच्या वहीत अमेरिकेच्या तीसच्या आसपास हौशी केंद्रांची नोंद झाली होती. त्या काळच्या व्यापारी केंद्रांना जे काम करायला प्रचंड मनोरे आणि शेकडो किलोवॅट लागत, ते एका किलोवॅटच्या आसपासच्या हौशी सेटनं करून दाखवलं होतं.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९२३ मध्ये, फ्रान्समधल्या नीस शहरातला लेऑन दलॉय आणि कनेक्टिकटमधला फ्रेड श्नेल यांनी दुतर्फा संवादही साधला. दशकाच्या अखेरीस या चाचण्या दरसालच्या झाल्या, त्यांना गुण आले, निकाल आले आणि त्यांची शर्यत झाली. आजही मोर्सच्या शर्यतीत साद घालणारा ‘सीक्यू टेस्ट’ असंच पाठवतो.

थंडीतला विक्रम मात्र गॉडलीच्या नावावर राहिला नाही. अर्न्स्ट क्रेंकेल हा सोव्हिएत रेडिओचालक १९२९-३० चा हिवाळा आर्क्टिकमधल्या फ्रान्झ जोसेफ बेटांवर काढत होता. ध्रुवीय रात्रीच्या ऐन अंधारात, १२ जानेवारी १९३० ला, त्याला एका अनोळखी केंद्राचं उत्तर आलं. तो रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेचा अंटार्क्टिकावरचा तळ होता. पृथ्वीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सुमारे वीस हजार किलोमीटर. त्याहून दूरचा संपर्क साधायला पृथ्वीवर जागाच उरत नाही.

गॉडली तंबूत भिजत होता त्याच वर्षी भारतात अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस या कलकत्त्याच्या दोघांची हौशी केंद्रं सुरू झाली. मुंबईत रेडिओ क्लबनं जून १९२३ मध्ये कार्यक्रम प्रक्षेपित केले. सरकारी आकाशवाणी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. भारतातलं प्रक्षेपण हौशी मंडळींच्या हातून सुरू झालं. लघुलहरींचा लाभ दिसताच सरकारही मागोमाग आलं. २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विननी इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू केली, तिची केंद्रं होती खडकीला आणि दौंडला.

मुंबईच्या त्या पहिल्या रेडिओवेड्यांपैकी एक घर पुढे नाशिकशी जोडलं गेलं. ग्यानचंद मोटवाने यांनी सिंधमध्ये विजेच्या सामानाचा धंदा सुरू केला आणि तो मुंबईला आणला. ‘शिकागो रेडिओ’ हे त्यांच्या कंपनीचं नाव काँग्रेसच्या अधिवेशनांतल्या ध्वनिक्षेपकांवर देशभर दिसू लागलं. गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ते आजही वाचता येतं. याच मोटवानेंचा कारखाना नाशिकरोडला ग्यान बागेत आहे. तिथला मल्टिमीटर आणि इन्सुलेशन टेस्टर महाराष्ट्रातल्या आयटीआयच्या पोरांनी, वायरमननी आणि टेलिफोनच्या लाइनमननी वर्षानुवर्षं हाताळला आहे. हॅमच्या टेबलावरही तो असतो. तार तुटली आहे की जोडणीत पाणी शिरलं आहे, हे थंडीच्या पहाटे त्याशिवाय कोण सांगणार?

१९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशात पन्नासही परवानाधारक नव्हते, आणि त्यांतले बरेचसे लष्करातले ब्रिटिश अधिकारी. १९३९ ला महायुद्ध पेटताच नवे परवाने थांबले आणि असलेली प्रक्षेपण यंत्रं पोलिसांत जमा करण्याचे हुकूम निघाले. या बंदीच्या काळातच, ऑगस्ट १९४२ च्या आंदोलनात, मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. ४२.३४ मीटरवर बोलणाऱ्या उषा मेहता आणि त्यांचे साथीदार जागा बदलत बदलत तो चालवत होते. यंत्र जुळवणारा नरिमन प्रिंटर हा हौशी रेडिओतला जाणकार होता आणि शेवटी पोलिसांना वाट दाखवणाराही तोच ठरला. १२ नोव्हेंबर १९४२ ला केंद्रावर छापा पडला. सामान पुरवल्याच्या आरोपावरून ‘शिकागो रेडिओ’च्या नानिक मोटवाने यांच्यावरही खटला चालला, त्यातून ते निर्दोष सुटले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. भारतीय हॅम रेडिओच्या इतिहासात शौर्य आणि फितुरी एकाच खोलीत सापडतात ती इथे.

स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ ला महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. त्याचीच पुढे दिल्लीत अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली. परवाने पुन्हा मिळू लागले, पण सेट कुठून आणायचा? परदेशी सेटवरचं आयात शुल्क नोकरदार माणसाला झेपणारं नव्हतं. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि चोरबाजारात युद्धातलं भंगार धुंडाळलं जाई. विमानातला रिसीव्हर, रणगाड्यातला ट्रान्सफॉर्मर, मूठभर व्हॉल्व्ह, आणि मग रात्र रात्र झाळकाम. त्या सेटांची एक सोय होती: व्हॉल्व्ह तापले की थंडीत टेबलाजवळ ऊब राही. आवड म्हणून नसेल, नाइलाजानं का होईना, त्या पिढीला आपल्या यंत्राचा प्रत्येक डाग माहीत होता.

१९८० च्या दशकात आयात शुल्कात सवलत मिळाली. पंतप्रधान राजीव गांधी स्वतः परवानाधारक होते, त्यांची कॉल साईन व्हीयू२आरजी. तयार जपानी सेट येऊ लागले तरी हातानं बांधण्याची खोड गेली नाही. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ मध्ये ‘बिटएक्स’ नावाच्या घरी बांधायच्या सेटचा आराखडा जगाला फुकट दिला. त्यात महागड्या आयात गाभ्यांऐवजी नळाचे प्लॅस्टिकचे वॉशर वापरून कॉइल गुंडाळायची सोय होती. गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या वॉशरवर बांधलेले सेट युरोप-अमेरिकेतल्या लोकांनीही वापरले. भारतीय हॅमच्या कल्पकतेचा याहून चांगला नमुना दाखवता येणार नाही.

शर्यत चालते कशी, ते नाशिकच्या घड्याळानं पाहण्यासारखं आहे. ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ शनिवारी जागतिक वेळेनुसार शून्य वाजता सुरू होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. आणि ४८ तासांनी, सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. नोव्हेंबरच्या अखेरीस त्या वेळी मिट्ट काळोख असतो. गच्चीवर दव पडून अँटेनाचे दोर ओले झालेले, बोटं आखडलेली, आणि मोर्सची कळ नेमकी बोटांनीच चालवायची. प्रत्येक संपर्कात दोनच गोष्टी सांगायच्या: समोरच्याचा आवाज कसा येतो त्याचा आकडा आणि आपल्या विभागाचा क्रमांक. जगाचे ४० विभाग पाडलेले आहेत, भारताचा २२ वा. ‘५९९ २२’ एवढं पाठवलं की झालं. हवापाणी विचारायला वेळ नाही.

गुण दुसऱ्या खंडातल्या संपर्काला तीन, आशियातल्या दुसऱ्या देशाला एक, आणि स्वतःच्या देशातल्या माणसाला शून्य. मग एकूण गुणांना मिळालेल्या देशांच्या आणि विभागांच्या बेरजेनं गुणायचं. त्यामुळे नाशिकच्या चालकाला जपानमधल्या खणखणीत आवाजांची रांग लागली तरी फार हरखून चालत नाही. त्याला हवा असतो युरोप, आफ्रिका आणि सर्वांत कठीण म्हणजे अमेरिका. पहाटे साडेपाचला न्यूयॉर्कला शुक्रवारची संध्याकाळ असते. दोन्हीकडे अंधार, म्हणून ४० मीटरची वाट अर्धा-पाऊण तास उघडते. ही वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूनं जाते, आणि तिकडे ध्रुवीय प्रकाश खेळत असला तर आवाज थरथरत येतो. सूर्योदयाच्या सुमारास, जेव्हा आपल्याकडचा शोषून घेणारा थर अजून तयार झालेला नसतो, तेव्हा अचानक सगळं मोठं ऐकू येतं आणि मग मिनिटांत मावळतं. गरम अंथरुण सोडायचं ते या मिनिटांसाठी.

दुपारी युरोपची सकाळ होते आणि १५ व १० मीटरचे पट्टे भरून वाहतात. संध्याकाळी पुन्हा खालच्या पट्ट्यांकडे उतरायचं. १६० मीटरच्या पट्ट्याजोगी अँटेना म्हणजे अर्धी तरंगलांबी धरली तरी ऐंशी मीटरची तार. शहरातल्या सोसायटीत ती ताणायची कुठे? इथे शेतातल्या घराचा हेवा वाटतो.

पण शेतातही निवांतपणा असतोच असं नाही. रब्बीत थ्री-फेज वीज पुष्कळदा रात्रीच येते आणि कांद्याला पाणी भरायला शेतकरी ऐन गारठ्यात बांधावर उभा असतो. जिल्ह्यातल्या हजारो पंपांचे स्टार्टर आणि सैल जोडण्या रेडिओत गुरगुरतात. भारनियमनाच्या काळात उलटी गंमत होई: वीज गेली की सगळी गुरगुर एकदम थांबे आणि बॅटरीवर सेट चालवणाऱ्याला स्वर्ग दिसे. शेजारीपाजारी शिव्या घालत असताना वीज गेल्यावर खूश होणारी जमात हीच.

या सगळ्या खटाटोपाचं समर्थन विचारलं की हॅम मंडळी आपत्ती व्यवस्थापनाकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर महाराष्ट्रातल्या हॅमनी संपर्काचं काम केलं. २६ जानेवारी २००१ ला, शुक्रवारी सकाळी, भूज हादरलं तेव्हा देशभरातून हॅम तिकडे गेले आणि उघड्यावर, कच्छच्या थंडीत सेट लावून बसले. फोन बंद असताना जखमींची, औषधांची आणि तंबूंची माहिती त्यांच्याकडून बाहेर गेली. अँटेना अंधारात अर्ध्या तासात कशी उभारायची, दहा आवाजांच्या गर्दीतून एकाचं नाव अचूक कसं टिपायचं आणि झोप नसताना नोंद चोख कशी ठेवायची, हे शर्यत शिकवते. तरीही हे कारण नंतर जोडलेलं वाटतं. आपत्तीच्या सरावासाठी कुणी सलग ४८ तास जागत नाही. जागतात ते मजा येते म्हणून. आणि त्याबद्दल ओशाळायचं काही कारण नाही.

शर्यत संपली की लॉग, म्हणजे संपर्कांची नोंद, पाच दिवसांत पाठवावा लागतो. मग संगणक प्रत्येक संपर्क दोन्ही बाजूंच्या नोंदींशी ताडून पाहतो आणि एक अक्षर चुकलं तरी गुण कापतो. अंतिम निकाल यायला कित्येक महिने लागतात, आणि संपर्काची पोच देणारी क्यूएसएल कार्डं ब्यूरोमार्फत येईपर्यंत तर वर्षं उलटतात. तोवर नाशिकचा चालक पुढच्या तारखांना लागलेला असतो. जानेवारीची १६० मीटर, मग फेब्रुवारी-मार्चमधल्या अमेरिकन लीगच्या शर्यती. त्यांतली शेवटची उरकते तोपर्यंत या भागात ढग जमू लागतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून गारपिटीची धास्ती असते. द्राक्षवाले काढणीची घाई करतात आणि गच्चीवरचा बांबू उतरवून ठेवणं शहाणपणाचं ठरतं, कारण वीज जवळ पडली तर सेटच्या आतला एकही भाग दुरुस्तीलायक उरत नाही. केबल काढायची, टोकाला प्लॅस्टिक बांधायचं, दोर सुकवून गुंडाळायचे आणि बॅटरी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा चार्ज करत राहायचं, ऑक्टोबरपर्यंत.